डिकी भरली, तरी चार बॅगा बाहेरच: गटाच्या बसप्रवासात सामानाचा घोळ का होतो आणि कसा सोडवायचा

बस ठरलेली असते, सीट प्रवाशांइतक्याच असतात, आणि तरी निघायच्या वेळी डिकीचं दार लागत नाही. तीन-चार बॅगा रस्त्याकडेला उभ्या राहतात, ड्रायव्हर घाई करतो, मग त्या बॅगा सीटच्या मधल्या वाटेत किंवा मागच्या सीटवर कोंबल्या जातात. पुढच्या सहलीला पुन्हा तेच. दोष सहसा बसचा नसतो. बस ठरवताना माणसं मोजली जातात, सामान कुणी मोजत नाही. आणि डिकी भरताना जी बॅग आधी हाताला लागते ती आधी आत जाते. खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

तक्रार १: सगळं सामान डिकीत मावतच नाही

बसवाल्याने सांगितलेला डिकीचा आकडा जसाच्या तसा धरू नका. साधारण १२ मीटर लांबीच्या, उंच मजल्याच्या बसला मजल्याखालची सामानाची जागा सहसा ७ ते १० घनमीटर असते. पण हा आकडा रिकाम्या, नव्या गाडीचा असतो. प्रत्यक्षात त्याच जागेत स्टेपनी, जॅक, हत्यारांची पेटी, पाण्याचे खोके आणि ड्रायव्हर-क्लीनरचं स्वतःचं सामान असतं. गाडीत स्वच्छतागृह, ड्रायव्हरची झोपायची जागा किंवा व्हीलचेअरची लिफ्ट असेल तर डिकी आणखी लहान होते. दुमजली बसमध्ये खालच्या मजल्यावरही सीट असल्याने सामानाला बरेचदा फक्त मागचा कप्पा उरतो. सीट जास्त, सामानाची जागा कमी, असा तो व्यवहार आहे. दुमजली गाडी स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्या गटांची इथेच फसगत होते.

म्हणून बस पक्की करण्याआधी तीन मापं मागा, जमलं तर स्वतः टेप लावून घ्या: प्रत्येक कप्प्याची लांबी, आतली खोली (या बाजूच्या दारापासून त्या बाजूच्या दारापर्यंत) आणि उंची. चौथं माप हमखास राहून जातं, ते म्हणजे दाराच्या उघड्या भागाची उंची. वरची चौकट आणि खालची पट्टी यांमुळे ती आतल्या उंचीपेक्षा कमी भरते. मोठा स्पीकर किंवा पेटी आत मावेल, पण दारातून जाणारच नाही, हा प्रकार याच मापामुळे होतो.

आता हिशेब एकदा आकड्यांत करू. ४५ प्रवासी आहेत असं धरा. सामान असं:

३६ मोठ्या ट्रॉली बॅगा, ७० × ४८ × २८ सेंमी, प्रत्येकी साधारण ९४ लिटर: ३.३९ घनमीटर
९ मध्यम बॅगा, ६० × ४२ × २५ सेंमी, प्रत्येकी ६३ लिटर: ०.५७ घनमीटर
२० मऊ पिशव्या आणि सॅक, प्रत्येकी ४० लिटर: ०.८ घनमीटर

बेरीज झाली ४.७५ घनमीटर. पण बॅगा एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत. चाकं, हँडल, गोल कोपरे आणि कप्प्याच्या कडा यांत जागा वाया जाते. नीट रचलं तरी डिकीचा साधारण ७० टक्केच भाग भरतो. म्हणून बेरजेला ०.७ ने भागा: लागणारी जागा ६.८ घनमीटर.

बसमध्ये दोन कप्पे २.३ मीटर खोल, १.४ मीटर लांब आणि ०.९ मीटर उंच आहेत असं समजा. प्रत्येकी २.९, दोन्ही मिळून ५.८. तिसरा कप्पा कागदावर २ घनमीटरचा, पण स्टेपनी आणि हत्यारं वजा जाता त्यात ०.६ उरतात. एकूण ६.४. कागदावरच्या ७.८ मध्ये सगळं आरामात बसत होतं; खऱ्या ६.४ मध्ये ०.४ घनमीटर कमी पडतात. त्याला ०.७ ने गुणलं आणि ९४ लिटरने भागलं की उत्तर येतं तीन मोठ्या बॅगा. रस्त्यावर उरतात त्याच या तीन. आदल्या आठवड्यात वहीत दिसल्या असत्या, तर तोडगाही तेव्हाच काढता आला असता.

प्रवाशांकडून माहिती घेताना "किती बॅगा आहेत?" एवढंच विचारून भागत नाही. "एकच बॅग" म्हणणाऱ्याची बॅग ४० लिटरची असू शकते, १२० लिटरचीही. विचारायचं असं: सगळ्यांत मोठी बॅग चाकं आणि हँडलसकट किती सेंमी, कडक आहे की मऊ, आणि याशिवाय लांब, नाजूक किंवा वेगळ्या आकाराचं काही आहे का. गट विमानाने उतरून बसमध्ये बसणार असेल तर प्रत्येक मोठी बॅग १२० लिटरची धरा. बऱ्याच विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंमीपर्यंतची, २३ किलोची बॅग घेतात आणि लोक त्या मर्यादेपर्यंत भरतातच.

जागा कमी पडते असं दिसलं तर उपाय कोणता, हे तफावतीवर ठरतं. अर्ध्या घनमीटरपर्यंतची तफावत असेल तर माणशी एक मध्यम बॅग आणि एक सॅक असा नियम करून ती निघते. फक्त नियम निघण्याच्या दहा दिवस आधी कळवा, आदल्या रात्री नको, कारण तोवर बॅगा भरून झालेल्या असतात. घनमीटर-दोन घनमीटर कमी असतील तर मोठ्या डिकीची बस किंवा सामानाची वेगळी छोटी गाडी घ्या. ट्रेलरचा पर्याय बसला तशी जोडणी आणि परवानगी असेल तरच. टपावर सामान चढवणं टाळा. गाडीचा तोल वर सरकतो, उंची वाढल्याने कमी उंचीच्या पुलाखाली अडकायची भीती असते, आणि वातानुकूलित गाडीच्या टपावर एसीचं यंत्र असतं, तिथे बोजा ठेवायचा नसतोच.

जागेबरोबर वजनही बघा. मोठी बॅग २० किलोची, मध्यम १४ ची, पिशवी ६ ची धरली तर वरचं सामान ९६६ किलो भरतं, म्हणजे जवळजवळ एक टन. शिवाय माणशी ७० किलोप्रमाणे ४५ माणसांचे ३,१५० किलो. कपड्यांच्या बॅगांनी वजनाची मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. पुस्तकांचे गठ्ठे, पाण्याचे खोके, फरशी किंवा यंत्रांचे नमुने असतील तर मात्र बसवाल्याला आधी किलोत आकडा सांगा.

तक्रार २: पहिल्या दिवशी बसलं, दुसऱ्या दिवशी बसेना

तीच बस, त्याच बॅगा, आणि तरी दार लागत नाही. याचं उत्तर रचण्यात आहे.

वरच्याच कप्प्याचं उदाहरण घ्या: २.३ मीटर खोल, १.४ लांब, ०.९ उंच. त्यात ७० × ४८ × २८ च्या बॅगा चाकांवर उभ्या ठेवल्या तर डोक्यावर २० सेंमी जागा वाया जाते. दोन्ही दारांपाशी थोडी मोकळीक सोडून १४ बॅगा बसतात, आणि उरलेल्या पट्टीत बॅगा फिरवून लावल्या तर फार तर १८. शिवाय त्या चाकांवर असल्याने ब्रेक लागला की सरकतात. त्याच बॅगा आडव्या झोपवा. ७० सेंमीची बाजू बसच्या रुंदीत ठेवली की एका रांगेत ३ येतात, शेजारी दुसरी रांग, आणि २८ सेंमीचे तीन थर ८४ सेंमीत बसतात. १८ बॅगा झाल्या. कडेला उरलेल्या ४४ सेंमीच्या पट्टीत आणखी ३ बॅगा लांब कडेवर उभ्या राहतात, त्यांच्या डोक्यावर ४२ सेंमी मोकळे, तिथे मऊ पिशव्या. म्हणजे २१ बॅगा आणि वर पिशव्या. एकाच कप्प्यात तीन ते सात बॅगांचा फरक पडतो.

आडव्या ठेवताना कडक बॅगा खाली, कापडी वर. चाकांची बाजू आत, हँडलची बाजू दाराकडे. म्हणजे काढताना धरायला काहीतरी मिळतं आणि दार उघडल्यावर बॅग घरंगळत बाहेर येत नाही. मऊ सामान सगळ्यात शेवटी हातात घ्या, कारण फटी भरण्याचं काम फक्त तेच करू शकतं. सॅक आधी टाकल्या की त्यांच्यावर कडक बॅगा डुगडुगतात आणि थर बिघडतो. दुसऱ्या दिवशीची बहुतेक गडबड एवढ्यानेच होते: सकाळी लवकर आवरलेले लोक सॅक घेऊन आधी येतात आणि त्या आधी आत जातात.

यावर साधा उपाय आहे. पहिल्या दिवशी डिकी नीट भरली की दार लावण्याआधी प्रत्येक कप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. रोज भरण्याचं काम त्याच दोन माणसांकडे ठेवा: एक जमिनीवरून देणारा, दुसरा रचणारा. प्रवाशांनी बॅग बसपासून दोन मीटरवर रांगेत ठेवायची, स्वतः डिकीत टाकायची नाही. पन्नासेक बॅगा अशा रीतीने साधारण वीस मिनिटांत आत जातात. सगळ्यांनी मिळून मदत करायची ठरवली की वेळ वाढतो.

खोल कप्प्याच्या मधोमध गेलेली बॅग हाताला लागत नाही म्हणून कुणीतरी गुडघ्यांवर आत शिरतं. त्यासाठी दीड मीटरची, टोकाला आकडी असलेली काठी डिकीत ठेवा. हँडल दाराकडे असेल तर आकडी लगेच अडकते.

तक्रार ३: एका थांब्यावर चार जण उतरतात आणि अख्खी डिकी रिकामी करावी लागते

शेवटी उतरणाऱ्याचं सामान आधी आत, आधी उतरणाऱ्याचं शेवटी. नियम सगळ्यांना माहीत असतो; मोडतो तो या कारणाने की बॅगेकडे बघून ती कुठे उतरणार हे कळत नाही. थांब्यानुसार रंग ठरवा आणि त्या रंगाची कापडी फीत किंवा टॅग हँडलला बांधा. कागदी चिकटपट्टी नको, ती पावसात आणि घासून निघते.

थांबे दोन-तीनच असतील तर थर लावण्यापेक्षा कप्पे वाटून द्या: पुढचा कप्पा पहिल्या थांब्याचा, मधला दुसऱ्याचा. कप्पे कमी आणि थांबे जास्त असतील तर एका कप्प्याचे उभे भाग पाडा, थर पाडू नका. थरांत सगळ्यांत खालची बॅग काढायला वरच्या सगळ्या हलवाव्या लागतात. शेजारी-शेजारी भाग असले तर लागत नाहीत. दोन भागांमध्ये बेल्ट किंवा जाळी लावा, नाहीतर एक भाग रिकामा झाल्यावर दुसरा त्यावर कोसळतो.

बहुतेक बसना डिकीची दारं दोन्ही बाजूंना असतात, पण उतरताना वाहतुकीच्या बाजूचं दार उघडायचं नाही. म्हणून भरतानाच प्रत्येक थांब्यावर बस कुठल्या बाजूने फुटपाथला लागणार हे ड्रायव्हरला विचारून घ्या आणि त्या थांब्याचं सामान त्या बाजूला ठेवा. वळसा घालून उलट दिशेने उभी राहणारी बस हे गणित पार फिरवते. वर उघडणाऱ्या दाराला शेजारी साधारण मीटरभर मोकळी जागा लागते, तेव्हा भिंतीला किंवा दुसऱ्या बसला खेटून गाडी लावली तर दारच उघडणार नाही.

तक्रार ४: बॅग राहिली, किंवा दुसऱ्याचीच उचलली

माणसं मोजतात तशा बॅगाही मोजा, आणि प्रवाशांना विचारून नव्हे, डिकीच्या दारापाशी उभं राहून. प्रत्येक टॅगवर नाव, गटाचं नाव, फोन नंबर आणि क्रमांक असा लिहा: २ पैकी १, २ पैकी २. एकाच माणसाची दुसरी बॅग मागे राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती या क्रमांकानेच पकडली जाते. यादीतला आकडा ६५ असेल तर ६५ झाल्याशिवाय दार लावायचं नाही. मधल्या थांब्यावर सहा बॅगा उतरल्या की पुढचा आकडा ५९, तो लगेच यादीवर लिहा.

काळ्या ट्रॉली बॅगांची अदलाबदल उतरताना होते. उतरवणाऱ्याने बॅग खाली ठेवून टॅगवरचं नाव मोठ्याने वाचायचं, मालकाने घ्यायची. दोन-तीन बस असतील तर थांब्याच्या रंगाशिवाय बसचा क्रमांकही टॅगवर ठळक हवा. दोन्ही गोष्टींना रंगच वापरले की गोंधळ वाढतो.

तक्रार ५: सामान भिजलं, धुळीने माखलं, चेपलं

भिजण्याची जागा बहुधा चाकाशेजारचा कप्पा. चाकांनी उडवलेलं पाणी दाराच्या झिजलेल्या रबरातून आत येतं. दार लावल्यावर रबराच्या कडेने बोट फिरवून बघा: फाटलं असेल, वळलं असेल किंवा चेपून सपाट झालं असेल तर तिथून पाणी येणारच. निघताना रबर बदलून मिळत नाही, म्हणून तळाला जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री अंथरा आणि तिची कड दाराच्या आतल्या बाजूने २०-३० सेंमी वर वळवा. कप्प्याच्या तळाला पाणी निचरायची भोकं असली तर ती कचऱ्याने बुजलेली नाहीत ना, हेही बघा. धूळ बारीक असते, ती चांगल्या रबरातूनही येते. मातीच्या रस्त्यावर कापडी बॅगांना कव्हर घाला.

मागच्या कप्प्याची इंजिनकडची भिंत तापते. तिथे औषधं, सौंदर्यप्रसाधनांचे फवारे, वितळणारं काही ठेवू नका. इन्सुलिनसारखी औषधं डिकीत जाताच कामा नयेत. ती हातातल्या पिशवीत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्याही वर, प्रवाशाजवळ, कारण डिकीत एखादी तापून धुमसायला लागली तर उशिरापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. गॅसची टाकी आणि इंधनाचे डबे बसमध्ये कुठेच नकोत.

चालत्या गाडीत दार उघडतं त्याचं कारण बहुतेकदा आतून दाबणारी बॅग असते. सामान आणि दार यांत ५ ते १० सेंमी जागा सोडा. दार खांद्याने रेटून लावावं लागत असेल तर कुलूप पूर्ण बसलेलं नाही असं समजा आणि एक बॅग काढा. दार लावल्यावर हँडल ओढून बघा, समोरच्या पॅनेलवर डिकीचा दिवा असेल तर तो विझला का तेही ड्रायव्हरला विचारा.

दार वर टिकत नसेल, हळूहळू खाली येत असेल, तर त्याचे गॅसचे दांडे संपत आलेत. ते बदलणं बसवाल्याचं काम. तोवर भरताना एका माणसाने दार धरून उभं राहायचं. बॅगेचं हँडल किंवा छत्री टेकू म्हणून लावणं धोक्याचं आहे. ते निसटलं की दार आत वाकलेल्या माणसाच्या पाठीवर येतं.

तक्रार ६: वरच्या रॅकमधून बॅग पडते, वाटेत सामान साचतं

विमानाच्या केबिनमध्ये जाणारी ५५ × ४० × २० ची बॅग बसच्या रॅकमध्ये जाईलच असं नाही. बसचे रॅक बरेच उथळ असतात. बॅग तिरकी बाहेर डोकावते आणि वळणावर खाली येते. कडक चाकाची बॅग डिकीतच. रॅकमध्ये जॅकेट, चादर, मऊ सॅक. काचेच्या बाटल्या आणि लॅपटॉप पायाशी.

मधली वाट आणि आपत्कालीन दारं मोकळी हवीत, याला अपवाद नाही. आग लागली किंवा गाडी कलंडली तर वाटेतली एक बॅग मागच्या सगळ्यांना अडकवते. सामान उरलं म्हणून "थोड्या वेळापुरतं" वाटेत ठेवायची वेळ आली तर ती बॅग बसमध्ये चढवू नका. डिकी पुन्हा रचा, नाहीतर ती मागून दुसऱ्या गाडीने पाठवा.

तक्रार ७: व्हीलचेअर, वाद्यं, खेळाचं साहित्य

घडीची व्हीलचेअर सगळ्यांत शेवटी आत आणि प्रत्येक थांब्यावर सगळ्यांत आधी बाहेर. तिची जागा दाराशी राखून ठेवा, तिच्यावर काही रचू नका. पायटेकू आणि गादी काढून वेगळी ठेवलीत तर त्यांवरही टॅग लावा. बॅटरीवर चालणारी खुर्ची घडीच्या खुर्चीपेक्षा कितीतरी जड असते, ती हाताने डिकीत चढवायचा विचार करू नका; बस ठरवतानाच लिफ्ट किंवा रॅम्पची गाडी मागा.

वाद्यं कडक पेटीत असतील तर वरच्या थरात, तारांची बाजू वर. पेटी नसेल तर वाद्य माणसाबरोबर वर. लांब किट बॅगा आडव्या-तिडव्या न टाकता कप्प्याच्या मागच्या भिंतीशी एकावर एक लावा.

तक्रार ८: ठरलेली बस बदलून आली

सगळा हिशेब नीट केला, आणि सकाळी तेवढ्याच सीटची पण लहान डिकीची दुसरी गाडी दारात उभी. ठरवताना फक्त सीटचा आकडा लिहून घेतला असेल तर बसवाल्याला काही म्हणता येत नाही. म्हणून लेखी घ्या: डिकीची किमान वापरता येणारी जागा इतके घनमीटर, गाडी बदलली तर बदली गाडीत तेवढीच जागा, नाहीतर सामानाची वेगळी गाडी बसवाल्याच्या खर्चाने. आदल्या संध्याकाळी गाडीचा क्रमांक मागवा आणि डिकीचे उघड्या दारांसकट फोटो मागा. फोटोत स्टेपनी, खोके आणि गाद्या किती जागा अडवतात ते दिसतं.

परतीच्या प्रवासासाठी पहिल्या दिवशीच १५ ते २० टक्के डिकी मोकळी हवी, कारण खरेदीच्या पिशव्या वाढतात आणि धुवायचे कपडे घडी घातलेल्या कपड्यांपेक्षा जास्त जागा खातात. एवढी जागा नसेल तर रिकाम्या, घडी होणाऱ्या दोन-तीन मोठ्या कापडी पिशव्या बरोबर घ्या आणि परतीच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या सुट्या पिशव्या त्यांत एकत्र भरा, बाहेरून कोणाचं काय आहे याची यादी लावून. सकाळी डिकीपाशी वीस सुटी पुडकी येण्याऐवजी तीन बोचकी येतात, आणि ती मोजता येतात.